'हो' म्हणायचा क्लास

शिकागो
२१ जानेवारी १९९६

प्रिय आत्या,

तुझी संत्री पोचली. पोस्टमनच्या मिश्यांवर बर्फ साचलं होतं आणि पार्सलवरचा फ्लोरिडाचा शिक्का बघून तो माझ्याकडेच रागाने बघत होता. बाबांनी एक संत्रं सोलून खाल्लं आणि बाकीची खाली अंत्यदर्शनाच्या खोलीत नेऊन ठेवली. रडून रडून लोकांच्या घशाला कोरड पडते म्हणे. तेव्हा तुझी संत्री वारलेल्या कोवाल्स्की आजोबांच्या अंत्यदर्शनाला आलेल्यांनी खाल्ली. छान होती असं त्यांनी सांगितलंय.

आता मुद्द्याचं. पण आधी तुझ्या आईची शपथ घे, बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. घेतलीस? मग पुढे वाच.

मी दर सोमवारी संध्याकाळी एका क्लासला जाते. मृताच्या नातेवाइकांचं सांत्वन कसं करावं, याचा कोर्स आहे असं बाबांना सांगितलंय. खरं तर तो इम्प्रोव्हचा क्लास आहे. म्हणजे आधी न लिहिलेलं विनोदी नाटक. प्रेक्षकांतून कोणी तरी एक शब्द ओरडतं आणि त्या एका शब्दावरून आम्ही सात-आठ जण अर्धा तास उभ्या उभ्या नाटक रचत जातो. पाठांतर नाही, पोशाख नाही, सामान म्हणजे दोन खुर्च्या. सुरुवातीला आलेली माणसं मधून मधून परत येतात, त्यांचं आयुष्य पुढे सरकतं आणि शेवटी सगळे धागे एकमेकांत अडकतात. निदान अडकावेत अशी अपेक्षा असते. एका मैत्रिणीबरोबर असा खेळ बघायला गेले होते, तिथे इतकी हसले की माझी बरगडी दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं.

का, ते तुला सांगते, कारण दुसरं कोणी नाही. माझ्या वाढदिवसाला बाबांनी मला डोळे मिटायला लावून फुटपाथवर नेलं होतं. उघडले तर समोरच्या मोठ्या काचेवर सोनेरी अक्षरं: 'शिमकस आणि कन्या – फ्युनरल होम'. मला रडू फुटलं. बाबांना वाटलं, आनंदाने रडतेय. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंनाही तसंच वाटलं, त्याही रडल्या. आणि मी काय म्हणाले? "हो बाबा. किती सुंदर आहे."

जूनमध्ये बाबा सगळं माझ्या नावावर करणार आहेत. वकिलाशी बोलणं झालंय. आत्या, मला ते नको आहे. काम वाईट नाही, मी ते नीट करते, आणि लोक माझ्या हाताला धरून रडतात तेव्हा त्यांचं ओझं थोडं उतरतं हेही मला कळतं. पण कोणाच्या तरी घरचा सर्वांत वाईट दिवस हाच माझा कामाचा दिवस, असं मरेपर्यंत नको. एकतीस वर्षांची आहे मी. आई गेल्यापासून बाबांनी माझ्यासाठी म्हणून हे टिकवून ठेवलं, ते तेच म्हणतात, दर रविवारी जेवताना. 'नको' हा शब्द माझ्या घशाशी येतो आणि बटाट्याच्या कुगेलिसच्या घासाबरोबर परत खाली जातो.

तुझी,
दाइवा


जूनो बीच, फ्लोरिडा
३० जानेवारी १९९६

प्रिय दाइवा,

शपथ घेतली. नाइलाजाने घेतली, हे लक्षात ठेव. मी चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलंय, गुपितं सांभाळायची मला सवय आहे. फक्त ती गुपितं बहुधा डब्यातल्या बेडकांबद्दल असायची.

तुझ्या क्लासबद्दल वाचलं. दोनदा वाचलं. नाटक लिहिलेलं नसतं तर तुम्ही शिकता काय? शिक्षिका तपासते काय? नाटकाची एक प्रत मला पाठव, म्हणजे मला कळेल कितपत विनोदी आहे ते.

इथल्या मिसेस यानुलीतेचा नातूही तसल्याच क्लासला जातो. ती म्हणाली, तिथला पहिला नियम असा की समोरचा काहीही म्हणाला तरी 'हो' म्हणायचं. हे खरं आहे का? अगं येडे, मग तुला पैसे भरून शिकायची काय गरज? तू जन्मापासून तेच करतेयस. सहा वर्षांची असताना तुझ्या बापाने, ब्रोन्युसने, तुला विचारलं, बीटचं गार सूप आवडतं ना? तू हो म्हणालीस आणि संपूर्ण उन्हाळाभर ते प्यायलीस. नंतर मागे अंगणात जाऊन ओकायचीस, मी बघितलंय.

माझा सल्ला सोपा आहे. बापाला सांग. तो काही राक्षस नाही, फक्त शिमकस आहे. आपल्या घरात कोणाला काय हवं ते विचारायची पद्धतच नाही, सरळ देऊन टाकतात.

त्याने मलाही त्या काचेचा फोटो पाठवलाय. पाकिटात पुठ्ठा घालून, मुडपू नये म्हणून. मी तो फ्रिजवर लावला होता. तुझं पत्र वाचल्यावर काढून खणात ठेवला.

तुझी आत्या,
वालेरिया


शिकागो
१८ मार्च १९९६

प्रिय आत्या,

नाटकाची प्रत पाठवू शकत नाही, कारण ते झालं की संपतं. हवेत विरतं. तेच तर बरं असतं त्यात.

आमच्या शिक्षिकेचं नाव लॉइस. पन्नाशीची आहे, बारीक, आवाज घोगरा, आणि नाटक सुरू असताना ती भिंतीला टेकून केळी खात असते. माझा नेहमीचा जोडीदार रसेल. शहराच्या बसगाड्या दुरुस्त करतो, अंगाने दाराएवढा. दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडतो. आणि स्टेजवर इतका हलका की विचारू नकोस.

तुझ्या त्या मिसेस यानुलीतेच्या नियमावरून मी गेल्या सोमवारी चांगलीच आपटले. प्रवेश असा होता: रसेल माझा भाऊ, बाहेर थंडी. तो म्हणाला, ताई, तुझा कोट दे. दिला. बूट दे. दिले. मग घर मागितलं, गाडी मागितली, माझा नवरा मागितला. मी सगळं देत गेले. शेवटी त्याने माझं मूत्रपिंड मागितलं आणि मी विचारलं, डावं की उजवं? पहिल्या दोन मागण्यांना लोक हसले. नंतर कोणी हसेना. प्रवेश मेला तरी कोणी संपवेना. आमच्याकडे पडदा नसतो ना. प्रवेश संपवायचा असेल तर मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी आमच्या पुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायचं, की संपला. कोणीच धावलं नाही. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

लॉइसने केळं खाली ठेवलं. मला म्हणाली, "हा नव्या लोकांचा ठरलेला घोटाळा. तुला वाटतं, तो मागेल ते द्यायचं म्हणजे 'हो' म्हणायचं. तसं नाही गं बाई. तो जे सांगतोय ते खरं मानायचं. तो तुझा भाऊ आहे, खरं. थंडी आहे, खरं. त्याला तुझं मूत्रपिंड हवंय, तेही खरं. इथवर 'हो'. पण ते द्यायचं की नाही, हे तू जिचं सोंग घेतलंयस त्या बाईने ठरवायचं. तिला काही हवं-नको आहे की नाही? तुला नसेल तर आम्ही बघायचं तरी काय?"

मी बसने घरी येईपर्यंत तेच घोकत होते. एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्या, मी रडले बसमध्ये. वाईट वाटून नाही, कोणी तरी चष्म्याची काच पुसून दिल्यासारखं वाटलं म्हणून.

बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. काल त्यांनी मला सगळ्या किल्ल्या लावलेली नवी रिंग दाखवली. "जूनमध्ये ही तुझी," म्हणाले. मी म्हटलं, "वा, छान आहे." आत्या, क्लासमध्ये शिकणं वेगळं आणि जेवणाच्या टेबलावर वेगळं.

१९ मेला रविवारी दुपारी आमच्या वर्गाचा खेळ आहे. खऱ्या प्रेक्षकांसमोर. तू इथे असतीस तर पहिल्या रांगेत बसवलं असतं.

तुझी,
दाइवा


शिकागो
९ एप्रिल १९९६

प्रिय ताई,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. फोनवर बोललो तर दाइवाला जिन्यात ऐकू जातं. म्हणून लिहितो. वाचून झालं की फाडून टाक.

लेमाँट गावचा रिमांतस, ज्याच्या वडिलांबरोबर मी तरुणपणी काम केलं, तो येऊन गेला. त्याला आमचं फ्युनरल होम घ्यायचं आहे. चांगला मुलगा आहे. आपली भाषा बोलतो, म्हाताऱ्यांशी नीट वागतो. मी त्याला विचार करतो म्हणालो. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला त्याला मिठी मारायची होती.

माझे गुडघे संपले. हल्ली शवपेटी उचलताना मी पेटी धरतो की पेटी मला धरते, हे बघणाऱ्यालाही सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे मला मायदेशी, आपल्या गावी जायचं आहे. आपण निघालो तेव्हा मी लहान होतो, ते तळं मला अजून दिसतं. आता देश मोकळा झालाय, विमानं जातात. एक अख्खा उन्हाळा तिथे काढायचा आहे. काही न करता.

पण दाइवा आहे. तिला काच दाखवली तेव्हाचं तुला सांगितलं ना मी? डोळ्यांतून धारा लागल्या होत्या पोरीच्या. आणि आता सोमवारी तो सांत्वनाचा कोर्स करते. घरी येते तेव्हा गाल लाल, डोळे चमकताहेत, जिन्यात गुणगुणतेय. मृतांच्या नातेवाइकांचं सांत्वन शिकून कोणाचा चेहरा असा फुललेला मी बघितला नाही. या कामाची तिला एवढी गोडी आहे, ताई. विकतो म्हटलं तर तिच्या काळजाला काय होईल? तेव्हा विकणार नाही. जूनमध्ये तिच्या नावावर करेन आणि गुडघे चालतील तोवर तिच्याबरोबर उचलेन.

हे फक्त बोलून टाकायचं होतं. आईची शपथ आहे तुला, तिला सांगू नकोस.

ब्रोन्युस


जूनो बीच
१६ एप्रिल १९९६

ब्रोन्युस,

पत्र फाडलं. फाडण्याआधी हसून हसून मला ठसका लागला, का ते विचारू नकोस.

मी तुला काहीही सांगणार नाही, कारण तू शपथ घातलीस, आणि तुझ्यासारख्या माणसाला सांगूनही उपयोग नसतो. फक्त एक कर. १९ मेला रविवारी दुपारी दाइवा तुला कुठे तरी यायला सांगेल. कुठे, कशाला, असं काही विचारायचं नाही. जायचं, पुढे बसायचं, आणि शेवटपर्यंत उठायचं नाही. फोन आला तर वाजू दे. मेलेला माणूस दोन तास थांबतो.

वालेरिया


जूनो बीच
१६ एप्रिल १९९६

प्रिय दाइवा,

त्या रविवारच्या खेळाला तुझ्या बापाला बोलाव.

तू हे पत्र इथवर वाचून खाली ठेवलं असशील. परत उचल. मी शुद्धीवर आहे. कारण विचारू नकोस, मला सांगता येत नाही आणि न सांगता राहवत नाही. मी मधल्यामध्ये अडकलेय, तेही माझ्या स्वतःच्या आईच्या शपथेवर.

आणि समज मी उद्या उठून तोंड उघडलं, तर काय होईल? शिमकस घराण्यातली माणसं काय करतील? दोघंही एकमेकांकडे बघून म्हणतील, छे छे, तसं काही नाही, मला अगदी आवडतं. आणि मग जन्मभर तसंच म्हणत राहतील. तेव्हा मी बोलून उपयोग नाही. तुलाच बोलायला हवं. त्या लॉइसने तुला शिकवलंय ना, समोरच्याचं खरं मानायचं आणि मग आपल्याला काय हवं ते सांगायचं? मग ते फक्त मूत्रपिंडापुरतं ठेवू नकोस.

बोलावशील कसं ते तुझं तू बघ. कोर्सचं समारोपाचं प्रात्यक्षिक आहे म्हण हवं तर. ते काही खोटं नाही.

तुझी आत्या,
वालेरिया


शिकागो
२० मे १९९६

प्रिय आत्या,

तू दुष्ट बाई आहेस. आणि मला तुझा हात धरून नाचायचंय.

पहिल्यापासून सांगते. बाबांना म्हटलं, कोर्सचं प्रात्यक्षिक आहे, याल का? त्यांनी काहीच विचारलं नाही, हेच मला विचित्र वाटलं. रविवारी चर्चच्या मासवरून आल्यावर त्यांनी काळा सूट चढवला, काळा टाय, टायला पिन, बूट चकाचक. आमचं थिएटर म्हणजे लॉन्ड्रीच्या वरची खोली. तिथे पोरंपोरी पॉपकॉर्न खात बसलेली, आणि पहिल्या रांगेत मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून, सांत्वनाचं प्रात्यक्षिक बघायला आलेले बाबा. लोकांना वाटलं, हेही खेळातलंच एक पात्र आहे. रसेल मागून मला विचारतो, "हा कोण? कोणी मेलंय का?" मी म्हटलं, "बहुतेक मीच."

लॉइसने प्रेक्षकांना शब्द विचारला. पॉपकॉर्नवाली एक मुलगी ओरडली, "दुकान." आमच्यात पद्धत अशी की शब्द मिळाला की कोणी तरी एकाने पुढे यायचं आणि त्यावरून स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. ती खरीच हवी, तिथे सोंग चालत नाही. मग बाकीचे त्या गोष्टीतून नाटक काढतात. कोणीच पुढे जाईना. आणि मला तर तू ओळखतेसच. कोणी जात नसेल तिथे मी जाते.

दुकान म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवली. मी काचेची गोष्ट सांगितली. डोळे मिटून फुटपाथवर जाणं, सोनेरी अक्षरं, बेकरीवाल्या बाई. "आणि मी रडले," इथवर आले आणि थांबले. लोक 'आहा' म्हणाले. बाबांनी रुमाल काढून डोळे टिपले. मी का रडले ते सांगितलंच नाही. सगळं खरं सांगून मी खोटं बोलले, आत्या, आणि तेही त्यांच्यापासून हाताभर अंतरावर.

नाटक सुरू झालं. रसेल माझा बाप झाला. पहिल्या वेळी त्याने मला छत्र्यांचं दुकान दिलं. मी म्हटलं, धन्यवाद बाबा. मग दुसऱ्या लोकांचे प्रवेश झाले आणि आमची पाळी परत आली. या वेळी त्याने मला फक्त डाव्या हाताच्या मोज्यांचं दुकान दिलं. मी म्हटलं, धन्यवाद बाबा. लोक हसले, कारण माझा चेहरा पडत चालला होता आणि मी तो लपवत नव्हते. बाबा हसत नव्हते. ते ताठ बसून बघत होते.

तिसऱ्या वेळी रसेल आत आला तो काही तरी अवजड उचलून. हातात काहीच नाही अर्थात, पण त्या दाराएवढ्या माणसाचे गुडघे लटपटत होते. त्याने ते माझ्या हातांत ठेवलं आणि म्हणाला, "हे माझं सगळं. आता तुझं."

माझे खांदे खरोखर दुखले. मला लॉइसचं आठवलं. हे माझे वडील आहेत, खरं. हे त्यांनी जन्मभर वाहिलं, खरं. माझ्यावर त्यांचं प्रेम आहे, हेही खरं. आणि त्या बाईला काय हवंय? मी म्हटलं, "बाबा, किती जड आहे हे. तुम्ही एकट्याने वाहिलंत. माझ्याने तुमचे उपकार फिटणार नाहीत. पण मला हे नको." आणि मी ते हळूच जमिनीवर ठेवलं, फुटू नये म्हणून.

खोलीत कोणी पॉपकॉर्नसुद्धा चावेना. मी मागे बघितलं, कोणी तरी धावेल आणि प्रवेश संपवेल म्हणून. कोणी जागचं हललं नाही. सहाही जण मागे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, या वेळी कीव करून नाही.

रसेलने जमिनीकडे बघितलं. "नको?"

"नको."

"खरंच नको?"

"खरंच नको, बाबा."

तो खुर्चीवर बसला. एकेक बूट काढला. पाय चोळले. मग म्हणाला, "अगं बये, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? पाठ मोडली माझी. वीस वर्षं तुझ्यासाठी म्हणून धरून उभा आहे. मला मासे पकडायला जायचं होतं."

खोली फुटली. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. आणि त्या सगळ्यावर एक हसणं, घोड्यासारखं, मी कधी ऐकलं नव्हतं ते. ते बाबांचं होतं. त्यांना थांबता येईना. टायची पिन निसटून पडली. पॉपकॉर्नवाल्या मुलीने त्यांना आपलं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणजे सांत्वन झालंच. तेवढ्यात कोणी तरी आमच्या पुढून धावलं आणि प्रवेश संपला.

येताना गाडीत बाबा नेहमीसारखे शववाहिनीच्या वेगाने चालवत होते, मागे भोंग्यांचा कल्लोळ. एका सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तो जाड्या. त्याला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझं."

"तुमचं काय, बाबा?"

त्यांनी गाडी एका टायरच्या दुकानासमोर घेतली, बंद होतं ते. इंजिन बंद केलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत म्हणाले, "मला विकायचं आहे, दाइवा. रिमांतस मागतोय. मला वाटलं, वालेरियाने त्या जाड्याला फोन करून सांगितलं."

मी म्हटलं, "आणि मला वाटलं, आत्याने तुम्हाला माझं सांगितलं."

"तुझं काय?"

"तेच. मी स्टेजवर म्हणाले ते. ते सोंग नव्हतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं होतं, नाक वाहत होतं, आवरत नव्हतं. त्यांनी रुमाल पुढे केला, आणि मी तो घ्यायच्या आत मागे घेतला. "हे कशामुळे?" म्हणाले. "या वेळी विचारून घेतो."

"सुटल्यासारखं वाटतंय म्हणून," मी म्हटलं.

"मग घे," म्हणाले, आणि रुमाल दिला.

रसेलला कोणी काही सांगितलं नव्हतं, आत्या. मी त्याला आज फोन करून विचारलं. तो म्हणाला, "तू ते खाली ठेवलंस तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, म्हणून तसं बोललो." एवढंच.

तुझीच,
दाइवा


शिकागो
१४ जुलै १९९६

प्रिय ताई,

हे दुसरं पत्र. हे फाडायची गरज नाही.

व्यवहार झाला. रिमांतस पहिल्या तारखेपासून बसतो. दाइवा त्याच्याकडे आठवड्यातून तीन दिवस पगारावर काम करते, म्हणते, सांत्वन करायला आवडतं, मालकीण व्हायला आवडत नाही. त्या लॉन्ड्रीवरच्या लोकांनी तिला आपल्या कायमच्या मंडळींत घेतलं आहे. परवा मी परत गेलो होतो. या वेळी सूट घातला नाही, तर रसेल म्हणाला, काका, सूट घालत चला, आम्हाला भीती वाटली की चांगलं काम होतं.

तुला एक सांगायचं होतं. ती स्टेजवर 'नको' म्हणाली ना, तेव्हा आधी मला लागलं. चाळीस वर्षांचं काम आहे ते. ते नको म्हणणं म्हणजे थोडं मलाच नको म्हणणं आहे, असं वाटलं. मग तिने ते खाली ठेवलं ते कसं ठेवलं, ते मी बघितलं. आपण पेटी ठेवतो तसं. आधी एक टोक, मग दुसरं, आवाज न करता. ते मी तिला शिकवलेलं आहे. तेव्हा लागायचं थांबलं, आणि मग त्या जाड्याने मासे म्हटलं.

तिकीट काढलं आहे. ऑगस्टच्या तीन तारखेला विमानाने कौनास, तिथून आपलं गाव. तुला येणं जमेल का ते कळव. तळं असेल किंवा नसेल.

आज सकाळची गोष्ट. चाळीस वर्षं फोन माझ्या उशाशी होता आणि तो कधी दुसऱ्यांदा वाजू दिला नाही मी. पहिल्या घंटेला उचलायचा, 'शिमकस बोलतोय' म्हणायचं आणि पायाने बूट शोधायचे. माणसं काय वेळ बघून जात नाहीत. काल ती लाइनही रिमांतसकडे गेली. काल रात्री ते उशाजवळचं टेबल रिकामंच होतं. मी झोपलो तो नऊ वाजले तरी उठलो नाही. नऊ, ताई. सूर्य पार पलंगावर आला होता.

जाग आली तेव्हा कोणी तरी माझं मनगट धरलं होतं. दाइवा वाकून बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, दुसरा हात माझ्या मानेपाशी. धंद्यातली पोर, तिने आधी हाक मारली नाही, आधी नाडी बघितली.

मी म्हटलं, "आहे अजून."

ती पलंगाच्या कडेला बसली, मोठ्याने हसत सुटली, आणि मग बराच वेळ तशीच माझा हात धरून बसून राहिली.

तुझा,
ब्रोन्युस